घरपट्टीतून निवृत्तांची पेन्शन का द्यायची?

प्रश्न असा आला आहे: "घोडबंदर रोडला वाघबीळजवळ राहतो. वर्षाला साधारण अठरा हजार मालमत्ता कर भरतो. तरी सोसायटीला टँकर मागवावे लागतात, रस्ता कायम उखडलेला. कोणीतरी सांगितलं की पालिकेचा निम्मा पैसा पगार आणि पेन्शनमध्येच जातो. हे खरं आहे का? माझ्या करातले किती रुपये निवृत्त कर्मचाऱ्यांना जातात? आणि सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून कर भरणं थांबवलं तर?"

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी ठाणे जिल्ह्यातल्याच एका महानगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. म्हणजे तुम्ही ज्या पेन्शनबद्दल विचारताय, ती दर महिन्याला माझ्याही खात्यात जमा होते. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. माझा कर नेमका कुठे जातो, पेन्शन देणं योग्य आहे का, आणि एवढे पैसे भरूनही पाणी आणि रस्ता का मिळत नाही. पहिल्याचं उत्तर हिशेबात आहे, दुसऱ्याचं कायद्यात. तिसऱ्याचं उत्तर पेन्शनच्या लेखाशीर्षाखाली शोधलंत तर सापडणार नाही. तुमचा राग मात्र मुळात तिसऱ्यावरच आहे असं मला वाटतं.

हिशेबापासून सुरुवात करू. ठाणे महानगरपालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ५,६४५ कोटींचं होतं. मालमत्ता कराचं उद्दिष्ट त्यात आठशे कोटींच्या घरात असतं. म्हणजे सगळ्या ठाणेकरांनी वेळेवर, एक रुपया न बुडवता कर भरला, तरी त्यातून अंदाजपत्रकाचा जेमतेम सातवा हिस्सा उभा राहतो. "आमच्या करावर पालिका चालते" हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडून आयुष्यभर ऐकलं. ते भावनेने बरोबर असेल, आकड्याने नाही.

मग उरलेला पैसा येतो कुठून? यातला एक मोठा प्रवाह राज्य सरकारकडून येणारी जीएसटीची नुकसानभरपाई. पूर्वी ठाण्यात जकात होती, नवी मुंबईत तिच्याऐवजी उपकर होता. २०१३ मध्ये दोन्हीकडे एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरला एलबीटीही गेला. त्याची भरपाई म्हणून राज्याने कायदा करून २०१६-१७ हे आधारवर्ष धरलं आणि त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ देण्याचं ठरवलं. ही रक्कम महिन्याच्या महिन्याला येते, आणि बहुतेक पालिकांत पगार-पेन्शनची तारीख हिच्याच भरवशावर पाळली जाते. शिवाय मुद्रांक शुल्कावरचा १ टक्का अधिभार आहे, पाणीपट्टी आहे, शहर विकास विभागाकडे येणारं विकास शुल्क आणि वाढीव एफएसआयचा (जास्त बांधकामाच्या परवानगीचा) प्रीमियम आहे, केंद्र-राज्याची अनुदानं आहेत.

हे सगळे पैसे एकाच महानगरपालिका निधीत जमा होतात. तुमच्या सोसायटीच्या टाकीत पालिकेचं पाणी आणि टँकरचं पाणी एकत्र पडलं की तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला कुठलं आलं हे सांगता येत नाही, तसंच या निधीचं आहे. तुमचे अठरा हजार वेगळे काढून त्यांचा माग काढता येत नाही.

अपवाद आहेत, आणि ते तुमच्याच बिलावर छापलेले असतात. बिल हातात घ्या. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलप्रवाहाचे कर, रस्ता कर, अग्निशमन कर, वृक्ष उपकर, शिक्षण कर अशा ओळी दिसतील. त्यातला राज्य शिक्षण उपकर पालिकेचा नाहीच. १९६२ च्या कायद्याखाली पालिका तो राज्य सरकारसाठी वसूल करते आणि सरकारजमा करते. दुकान किंवा ऑफिसच्या बिलावर त्याच कायद्याचा रोजगार हमी उपकरही असतो. म्हणजे घोडबंदरच्या दुकानदाराने भरलेल्या पैशांतला थोडा भाग गावाकडच्या रोहयोच्या कामांसाठी राज्याकडे जातो. वृक्ष उपकर झाडांच्या निधीत जातो, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे. या ओळींमधून पेन्शन दिली जात नाही. ती प्रामुख्याने सर्वसाधारण करासारख्या मोकळ्या उत्पन्नातून जाते. (ठाण्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे ती याच सर्वसाधारण कराची, अख्ख्या बिलाची नव्हे. त्यामुळे "माफी झाली तरी बिल का आलं?" असं विचारत येणाऱ्यांची रांग काही संपत नाही.)

तरीही तुम्हाला आकडा हवा असेल तर काढायची रीत सांगतो. अंदाजपत्रकाचं पुस्तक पालिकेच्या संकेतस्थळावर असतं. त्यात आस्थापना खर्चाखाली, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-पेन्शनच्या खर्चाखाली, निवृत्तिवेतन, कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून घेतलेली एकरकमी रक्कम) ही शीर्षं शोधा. शिक्षण विभागाची आणि परिवहनची वेगळी पानं असतात, तीही पाहा. सगळ्यांची बेरीज करून तिला एकूण महसुली, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चाने भागा. समजा, आणि हे आकडे निव्वळ रीत दाखवण्यासाठी आहेत, महसुली खर्च ३,००० कोटी निघाला आणि पेन्शनची बेरीज १८० कोटी. म्हणजे ६ टक्के. तुमच्या अठरा हजारांतून राज्याचा उपकर म्हणून दोन हजार वजा केले, तर उरलेल्या सोळा हजारांचे ६ टक्के म्हणजे वर्षाला ९६० रुपये, महिन्याला ८०. खरा आकडा तुमच्या पुस्तकातून काढा. मात्र पाहताना "मूळ अंदाज" किंवा "सुधारित अंदाज" या रकान्यांवर विसंबू नका, मागच्या वर्षाचा "प्रत्यक्ष" रकाना धरा. अंदाजाच्या रकान्यात आयुक्तांची आशा असते. खरं काय घडलं ते प्रत्यक्षच्या रकान्यात कळतं.

आता "निम्मा पैसा पगार-पेन्शनला" या दाव्याबद्दल. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा ही राज्य सरकारची महानगरपालिकांना घातलेली मर्यादा आहे. ती ओलांडली की नव्या पदांच्या आकृतिबंधाला (कुठल्या विभागात किती पदं याच्या आराखड्याला) मंजुरी मिळताना अडतं. त्यामुळे प्रत्येक पालिका हा आकडा खाली दाखवायला धडपडते, आणि ते करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कंत्राट. झाडूवाला पालिकेचा कायम कामगार असेल तर त्याचा पगार आस्थापनेत येतो. तोच माणूस ठेकेदाराकडून आला की त्याची मजुरी घनकचरा व्यवस्थापनाच्या देखभाल खर्चात जाते. काम तेच, रस्ता तोच, पैसेही पालिकेचेच, फक्त शीर्ष बदलतं. त्यामुळे माणसांवर होणारा एकूण खर्च विचाराल तर तो पुस्तकातल्या आस्थापनेपेक्षा बराच जास्त असतो, आणि तुम्हाला निम्मा सांगणारा माणूस कदाचित हे धरून बोलत असेल. पण त्यातल्या मोठ्या हिश्शाला पेन्शनच नाही. कंत्राटी कामगाराला फार तर ठेकेदाराने भरलेला भविष्य निर्वाह निधी मिळतो, आणि तोही ठेकेदाराने खरंच भरला असेल तर. पहाटे तुमच्या सोसायटीबाहेर झाडणारी बाई पालिकेच्या पेन्शनीत जाईल असं समजून चिडू नका.

ठाणे आणि नवी मुंबईची तुलना नेहमी होते, म्हणून तेही इथेच. नवी मुंबईची पालिका १ जानेवारी १९९२ पासून कारभार पाहू लागली. रस्ते-गटारं सिडकोने आखून दिलेली, नोकरभरती नव्वदच्या दशकातली, आणि पुढे स्वतःचं मोरबे धरण. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ची. ऐंशीच्या दशकात भरती झालेले बहुतेक लोक ठाण्यात पेन्शनीत गेले. नवी मुंबईतल्या नव्वदच्या भरतीतल्यांची निवृत्ती आत्ता जोरात आहे. शिवाय ठाण्याकडे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय चालवणं हे खरं तर राज्याचं काम. इथे डॉक्टर, परिचारिका, प्राध्यापक यांचे पगार पालिका देते. आस्थापना जड का, याचं एक कारण तिथे आहे, आणि ते बंद करा असं शहापूर-मुरबाडहून येणाऱ्या पेशंटच्या समोर उभं राहून कोणी म्हणेल असं मला वाटत नाही.

पेन्शन मुळात देणं लागतं का, हा दुसरा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या डी. एस. नाकरा प्रकरणात स्पष्ट सांगितलं की पेन्शन म्हणजे मालकाने दिलेली बक्षिसी नव्हे, आधी केलेल्या कामाचा तो मोबदला आहे. कर्मचारी कमी पगारावर वर्षानुवर्षं राबतो ते पुढे पेन्शन मिळेल या वचनावर. महापौर, नगरसेवक किंवा आयुक्त, यांपैकी कोणालाही ते वचन मागे घेता येत नाही. म्हणून "पेन्शन थांबवून रस्ते करा" हा पर्यायच टेबलावर नाही. नगरसेवकांना मात्र पालिकेची पेन्शन नसते, मानधन असतं. आमदारांच्या पेन्शनशी लोक त्याची गल्लत करतात. आणि आयएएस आयुक्त किंवा प्रतिनियुक्तीवर आलेले उपायुक्त यांची पेन्शनही पालिकेच्या गळ्यात पडत नाही. ते इथे असतात तेवढ्या काळाचं अंशदान काय ते त्यांच्या मूळ खात्याकडे भरावं लागतं.

दोष द्यायचाच असेल तर दुसऱ्या जागी द्या. वचन दिलं तेव्हापासून दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढून निधी उभारायला हवा होता. माझ्या नोकरीच्या काळात मी जे पाहिलं त्यात या निधीची तरतूद ही सगळ्यात शेवटी भरली जाणारी आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कापली जाणारी ओळ असायची. कारण साधं आहे. पेन्शन निधीत पाच कोटी टाकले म्हणून कोणाच्या नावाची कोनशिला लागत नाही. परिणाम असा की आजची पेन्शन आजच्या वसुलीतून जाते. समजा तुम्ही २०१५ ला घोडबंदरला आलात, तरी १९८५ साली नौपाड्यात गटारं उपसणाऱ्या माणसाची पेन्शन तुमच्या करातून जाते आहे. तुम्हाला हे अन्यायाचं वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. मात्र हा अन्याय त्या माणसाने केलेला नाही.

यातला खरा पेच फार कमी लोकांच्या लक्षात येतो. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना आली, पुढे ती एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत गेली. कर्मचाऱ्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के त्याच्याकडून कापतात, आणि मालकाचा वाटा पूर्वी १० टक्के होता तो १४ टक्के झाला. ऐकताना वाटतं की पालिकेवरचा भार गेला. प्रत्यक्षात निदान वीस-पंचवीस वर्षं तरी भार दुहेरी आहे. जुन्या लोकांची पेन्शन चालू खर्चातून द्यायची, आणि नव्यांच्या खात्यात १४ टक्के आजच रोख भरायचे. नोव्हेंबर २००५ च्या आधी तेवीस-चोविसाव्या वर्षी लागलेला कारकून ५८ व्या वर्षी, म्हणजे २०४० च्या आसपास निवृत्त होईल. चतुर्थ श्रेणीचे तर साठाव्या वर्षी. त्यानंतर त्याची पेन्शन, त्याच्या पश्चात पत्नीची कुटुंब पेन्शन. जुन्या पेन्शनचं शेपूट २०६० च्याही पुढे जाणार आहे. "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तेव्हापासून नव्या योजनेतही बदल चालू आहेत, त्यामुळे नव्यांचा भार पुढे नेमका किती हे धोरणावर अवलंबून राहील.

शिवाय पेन्शनचा खर्च दरवर्षी सारखा नसतो. निवृत्तीच्या दिवशी माणसाला उपदान मिळतं, शिल्लक रजेचे पैसे मिळतात, आणि पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी रक्कम घेता येते. (ती विकलेली पेन्शन १५ वर्षांनी पुन्हा सुरू होते.) त्यामुळे ज्या वर्षी एका मोठ्या भरतीतले लोक एकदम बाहेर पडतात त्या वर्षी खर्च उसळतो. नेमकं त्याच वर्षी बांधकाम व्यवसाय मंद असेल, शहर विकास विभागाचं उत्पन्न आटलेलं असेल, तर गाडी अडते. मग दरमहाची पेन्शन जाते, पण उपदानाची फाईल "निधी उपलब्धतेनुसार" या शेऱ्याखाली पडून राहते. उपदानाच्या भरवशावर मुलीचं लग्न ठरवलेले सफाई कामगार मी काउंटरवर हेलपाटे घालताना पाहिले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं पेन्शनर मजेत आहेत.

इथवरचं थोडक्यात: तुमच्या करातून पेन्शन जाते हे खरं, ती निम्मी नाही, ती थांबवता येत नाही, आणि पुढची काही वर्षं ती वाढणार आहे.

तर मग रस्ता आणि पाणी कुठे अडलंय? अंदाजपत्रकात "दायित्व" नावाची एक गोष्ट असते, ती शोधा. मागच्या वर्षांत कामांचे आदेश दिले, कामं झाली किंवा अर्धवट झाली, ठेकेदारांची बिलं द्यायची राहिली, त्याची बेरीज. नव्या वर्षाचे पैसे आले की आधी जुनी बिलं भागतात. उत्पन्नाचा आकडा फुगवून अंदाजपत्रक मांडलं की त्या फुगलेल्या आकड्यावर कामं मंजूर होतात, पैसे येत नाहीत, आणि दायित्व वाढतं. पेन्शनचा आकडा कोणी फुगवू शकत नाही, कारण तिथे माणसं मोजलेली असतात. भांडवली कामांचा आकडा मात्र ताणता येतो, आणि ताणला जातो. माझ्या अनुभवात पालिकेचं आर्थिक दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं.

पाण्याचं वेगळं. ठाणे स्वतःच्या योजनेतून भातसा नदीचं पाणी आणतं, आणि स्टेम (ठाणे परिसराला पाणी पुरवणारी संस्था), एमआयडीसी, मुंबई महापालिका यांच्याकडून विकतही घेतं. घोडबंदरला इमारती ज्या वेगाने उभ्या राहिल्या त्या वेगाने मंजूर पाणी वाढलं नाही. तुम्हाला टँकर लागतो तो तिजोरीत पैसे नाहीत म्हणून कमी, आणि नळात सोडायला पाणी नाही म्हणून जास्त. तरीही परवानग्या देताना विकास शुल्क जमा झालंच. त्या उत्पन्नाची पालिकेला सवय लागली आहे, आणि या सवयीवर कोणी बोलत नाही.

तुम्हाला काही करायचंच असेल तर माहिती अधिकारात मोजके प्रश्न विचारा. सध्या निवृत्तिवेतनधारक आणि कुटुंब निवृत्तिवेतनधारक किती? पुढच्या पाच वर्षांत दरवर्षी किती जण निवृत्त होणार? निवृत्तिवेतन निधीत ३१ मार्चला शिल्लक किती आणि त्या वर्षी त्यात प्रत्यक्ष किती भरले? एनपीएसचा मालकाचा हिस्सा किती महिन्यांचा थकीत आहे? कंत्राटी मनुष्यबळावर एकूण खर्च किती? ठेकेदारांचं दायित्व किती? शिक्षण विभागाचं विचारताना लक्षात ठेवा की पालिकेच्या प्राथमिक शिक्षकांच्या पगारासाठी राज्याकडून अनुदान येतं, त्यामुळे तिथला सगळा आकडा तुमच्या खिशातला धरू नका. परिवहनचं उलट आहे. टीएमटीचं, म्हणजे पालिकेच्या बससेवेचं अंदाजपत्रक वेगळं छापलेलं असलं तरी ते पालिकेच्या अनुदानावर उभं असतं. तिथल्या निवृत्तांचा भार शेवटी याच निधीवर येतो. अर्जात "आपल्या कारभाराबद्दल माहिती द्यावी" असं मोघम लिहिलंत तर मोघमच उत्तर येईल. वर्ष, शीर्ष आणि रक्कम, असं मागा.

राहिला कर थांबवण्याचा विचार. तो सोडून द्या. मुदतीनंतर थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँक तुम्हाला याच्या जवळपासही व्याज देत नाही. अभय योजना येईल आणि शास्ती माफ होईल या आशेवर काही जण थांबतात. ती कधी येते, कधी येत नाही, आणि आली तरी मूळ रक्कम सुटत नाही. मोठ्या थकबाकीदाराला जप्तीची नोटीस येते, आणि सोसायटीने ठराव करून कर थांबवला असला तरी नोटीस प्रत्येक सदनिकाधारकाच्या नावाने येते. शिवाय सगळ्या घोडबंदरने कर थांबवला तरी पेन्शन जाईलच, कारण ती आधी जाते. अडेल ते तुमच्या रस्त्याचं बिल. करयोग्य मूल्य चुकीचं लावलंय असं वाटत असेल तर हरकत अर्ज द्या, क्षेत्रफळ तपासून घ्या, आणि रक्कम "हरकत राखून" असं लेखी देऊन भरा. पावती जपून ठेवा. पहिल्या सहामाहीबरोबर अख्ख्या वर्षाचा कर लवकर भरला तर मिळणारी सूट बहुतेक जण घेतच नाहीत. तुम्ही या वर्षी घेतली होती का, ते बिल काढून एकदा पाहा.